प्लॅन २०० चा, स्पीड मात्र ९४ चा: दोष अनेकदा घरातल्याच वायरमध्ये असतो

तुमच्या घरी २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. लॅपटॉपला वायर लावून तुम्ही स्पीड टेस्ट करता आणि आकडा येतो ९४. सकाळी ९४, रात्री ९३, रविवारी पुन्हा ९४. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "आमच्याकडून तं पूर्ण स्पीड येऊन रायली भाऊ, प्लॅन वाढवून पाहा." तुम्ही ३०० चा प्लॅन घेता. महिन्याचं बिल वाढतं. आकडा? ९४.

गंमत म्हणजे फोनवरचा तो माणूस अशा वेळी बरेचदा खरं बोलत असतो. स्पीड तुमच्या भिंतीपर्यंत येते, आणि भिंतीपासून टेबलापर्यंतच्या पंधरा-वीस मीटरमध्ये हरवते.

परतवाड्यात याचा त्रास आता फक्त सिनेमा अडकण्यापुरता राहिलेला नाही. २०२० नंतर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम घरी बसून करणारी पोरं-पोरी कांडलीत आहेत, देवमाळीत आहेत, अचलपूरच्या जुन्या वाड्यांतही आहेत. मीटिंगमध्ये आवाज तीनदा तुटला की साहेब म्हणतो, "गावाकडं नेट नसतं, तू ऑफिसला ये." म्हणजे पुन्हा खोली भाड्यानं घ्या, पुन्हा मेस लावा. एका सडक्या जॅकची किंमत एवढी असू शकते.

९४ च का?

हा आकडा नीट ओळखून ठेवा. ९३, ९४, ९५ यांच्यात घुटमळणारी आणि त्याच्या वर कधीच न जाणारी स्पीड म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं दार लागलंय. तुमचा डेटा छोट्या-छोट्या पाकिटांतून येतो. वायरवर एका पूर्ण पाकिटाला १,५३८ बाइटची जागा लागते, त्यात तुमचा खरा माल जास्तीत जास्त १,४६० बाइट. बाकी पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधलं अंतर. त्यामुळे १०० च्या दारातून माल बाहेर पडतो तो ९४-९५ चा. दार १,००० चं असेल तर हाच हिशेब ९४० च्या आसपास जातो.

स्पीड खरोखर कंपनीकडूनच कमी येत असेल, तर आकडा असा एका जागी खिळून राहत नाही. रात्री नऊला ४०, पहाटे १८०, असा तो झोके घेतो. खिळलेला आकडा आला की आधी घरातली वायर पाहा. झोके घेणारा आला तर वायफाय किंवा बाहेरची लाइन पाहा.

एक नेहमीचा गोंधळ इथेच मिटवू. प्लॅन सांगितला जातो मेगाबिटमध्ये आणि फाइल उतरताना कॉम्प्युटर दाखवतो मेगाबाइट. एका बाइटचे आठ बिट. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर डाउनलोड ११-१२ दिसत असेल तर फसवणूक झालेली नाही, ती पूर्ण स्पीड आहे.

गावात आलं म्हणजे घरात आलं असं नाही

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेळघाटात हरिसाल लागतं. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रकल्पातून हे गाव 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजलं. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून तिथे इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत याच हरिसालच्या जाहिरातीवर सवाल केले, ते अनेकांना आठवत असेल. त्या राजकारणात आपण पडायला नको. इंटरनेट एखाद्या ठिकाणी पोचणं वेगळं आणि तिथल्या माणसाच्या हातात पोचणं वेगळं, हा फरक मात्र त्यातून सगळ्यांना दिसला. तुमच्या घरात हाच फरक काही मीटरचा असतो.

घरात येणारी वाट साधारण अशी असते. खांबावरून बारीक फायबर येते आणि पांढऱ्या डब्यात शिरते. या डब्याला ओएनटी म्हणतात, आपण सरसकट मोडेम म्हणतो. त्यातून लॅन वायर निघून राउटरला जाते, कधी दोन्ही एकाच डब्यात असतात. तिथून आणखी एक वायर वरच्या मजल्यावर किंवा आतल्या खोलीत. फायबर आणि तो डबा कंपनीचा, त्याच्या पुढचं सगळं बहुतेक वेळा तुमचं. घर बांधताना वायरमननं पाइपात ओढून ठेवलेली वायरही तुमचीच.

"आम्ही तर वायफायच वापरतो, वायरचा काय संबंध?" असं वाटत असेल, तर वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या राउटरला इंटरनेट कुठून मिळतं ते पाहा. जुन्या वाड्याच्या दोन-दोन फूट मातीच्या भिंतीतून पाच गिगाहर्ट्झचं वायफाय धड पलीकडे जात नाही, म्हणून तो दुसरा राउटर बसवलेला असतो, आणि तो वायरवर जगतो. वायर खराब असेल तर फोनवर वायफायच्या पाचही काड्या दिसतील आणि व्हिडिओ मात्र फिरत राहील.

विकत काही न घेता दोष कुठे आहे ते शोधा

लॅपटॉप उचला आणि थेट मोडेमपाशी जा. चांगली, छोटी, कारखान्यात तयार झालेली वायर लावून तिथेच स्पीड मोजा. तुमच्या कंपनीचं लॉगिन राउटरमध्ये असेल तर राउटर काढून मोडेमशेजारी आणा आणि त्याला लॅपटॉप जोडा. इथे पूर्ण स्पीड आली तर बाहेरची लाइन निर्दोष आहे आणि दोष तुमच्या घरात आहे. इथेही नाही आली तर वायर उपसत बसू नका, तक्रार करा.

मग खोलीतल्या टोकाशी तीच तपासणी करा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं आत गेलं की 'लिंक स्पीड' लिहिलेलं असतं. तिथे १०००/१००० असेल तर ठीक. १००/१०० असेल तर ते दार सापडलं. ही जागा स्पीड टेस्टपेक्षा जास्त विश्वासाची, कारण ती इंटरनेटविषयी बोलतच नाही. तुमचं यंत्र आणि वायरच्या पलीकडचं यंत्र यांच्यात काय ठरलं, एवढंच ती सांगते. लॅपटॉप नसेल तर राउटरच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर, प्रत्येक पोर्टची स्पीड अनेकदा दिसते. पोर्टवरच्या दिव्याच्या रंगावर मात्र जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा.

तरीही वायरला दोष देण्याआधी दोन संशयित पाहून घ्या. एक, लॅपटॉपचा यूएसबीचा लॅन डोंगल. स्वस्तातले कित्येक डोंगल १०० चेच असतात. दुसरा संशयित खुद्द राउटर, आणि इथे फसलेली घरं भरपूर आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात '३०० एमबीपीएस' लिहिलेलं असतं. ती झाली वायफायची कागदावरची स्पीड. मागचे पोर्ट मात्र १०० चे. असा राउटर २०० च्या प्लॅनला लावला तर वायर सोन्याची आणली तरी ९४ च येणार. राउटर घेताना 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधा, बाकी जाहिरात नंतर वाचा.

शेवटची तपासणी पिंगची. कमांड प्रॉम्प्टमधून राउटरच्या पत्त्यावर शंभर पाकिटं पाठवा. धड वायरवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास येतं आणि शंभरातलं एकही हरवत नाही. दोन-तीन जरी हरवली तरी वायर किंवा जॅक दुखावलाय असं समजा. मीटिंगमधला आवाज अशाच दोन-तीन पाकिटांनी तुटतो. स्पीड टेस्टमध्ये ते कळतही नाही.

आठ तारा, चार जोड्या

लॅन वायर सोलली की आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. तो पीळ शोभेचा नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनसाठी अशा पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलं होतं. शेजारच्या विजेच्या तारेचा त्रास जोडीतल्या दोन्ही तारांना सारखाच होतो आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं, त्यामुळे त्रास आपोआप वजा होतो. पीळ सुटला की ही युक्तीही सुटते.

आता ९४ चं कोडं उलगडतं. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, जॅकमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. १,००० एमबीपीएसला चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, तरी बहुतेक यंत्रं तक्रार न करता गुपचूप १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं म्हणून कुणाला शंका येत नाही.

कधी तार तुटलेली नसतेच, मुद्दाम वापरलेली नसते. एकाच वायरमधून दोन खोल्यांना कनेक्शन द्यायचा जुगाड आपल्याकडे प्रसिद्ध आहे. चार तारा एका जॅकला, उरलेल्या चार दुसऱ्याला. स्वस्त प्लॅनच्या काळात तो खपून गेला. आज त्या दोन्ही खोल्या कायमच्या १०० वर अडकलेल्या आहेत. अशी जोडणी सापडली तर दोन्ही टोकांना आठही तारा एकाच जॅकमध्ये घ्या आणि खोलीकडच्या टोकाला छोटा गिगाबिट स्विच लावा.

तांबं की तांब्याचा मुलामा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथला खर्च एकदाच होतो आणि चूक भिंतीत गाडली जाते. बाजारात 'लॅन वायर' म्हणून दोन वस्तू मिळतात. एक आतपर्यंत तांब्याची. दुसरी आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ थर, तिला सीसीए म्हणतात. वरून दोघी बहिणी-बहिणी. दुकानदारानं "कॅट-६ आहे" म्हटलं म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण कॅट-५ई आणि कॅट-६ या दोन्ही मानकांना तांब्याचीच तार अपेक्षित आहे आणि सीसीएवर ते नाव बिनदिक्कत छापलेलं असतं.

ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. पण घरातल्या छोट्या अंतरावर खरा त्रास त्याहून साधा असतो: ही तार ठिसूळ असते. वळवली, ओढली, जॅकमध्ये दाबली की तडकते. आज चालते आणि सहा महिन्यांनी एक जोडी सोडून देते. कॅमेऱ्याला याच वायरमधून वीज जात असेल तर जास्त रोधामुळे ती तापते, तेही वाईट.

ओळखायची कशी? एक तार सोला आणि ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसलं तर मुलामा. खोकं उचलून पाहा. तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७०, त्यामुळे सीसीएचं खोकं हाताला चक्क हलकं लागतं. मल्टिमीटर असेल तर आणखी पक्की परीक्षा आहे. शुद्ध तांब्याच्या वायरमध्ये एका तारेचा रोध १०० मीटरला ९.३८ ओहमच्या वर जाऊ नये. पूर्ण खोकं ३०५ मीटरचं असतं. एका जोडीच्या दोन तारा एका टोकाला जोडून दुसऱ्या टोकाला मोजलं तर सुमारे ५७ ओहमच्या आत यायला हवं. ८० च्या वर गेलं तर खोकं परत करा. घर बांधायला काढलं असेल तर वायरमनला पाठवण्याआधी हे स्वतः बघून घ्या. दारं-खिडक्यांच्या लाकडावर महिनाभर चर्चा करणारी घरं ही वायर पाच मिनिटांत घेऊन मोकळी होतात.

जॅक पुन्हा मारायचा तर

पुष्कळ वेळा अख्खी वायर नाही, फक्त टोकाचा जॅक गेलेला असतो. क्रिम्पिंगचा पाना, थोडे आरजे-४५ जॅक आणि आठ दिव्यांचा टेस्टर, एवढं सामान लागतं आणि ते फार महाग नाही. खराब टोक कापा, वरचं आवरण इंचभर सोला आणि तारा या क्रमानं लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची खिटी मागच्या बाजूला आणि वायर खालून आत, असं धरलं तर पहिली तार डावीकडे येते. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उघडू नका. आणि वरचं आवरण जॅकच्या आत शिरलं पाहिजे, म्हणजे ओढ तारांवर न येता आवरणावर येईल.

क्रमात हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते, हे विचित्र वाटतं. म्हणून काहीजण डोकं लावून सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी लावतात आणि दोन्ही टोकांना तसंच करतात. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागतात, सगळे खूश. पण यंत्र ३ आणि ६ ला एक जोडी समजतं आणि इथे त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा असतात. पिळाचा उपयोग संपला. अशी वायर टेस्टरवर पास होते आणि कामावर नापास. म्हणून आठ दिवे लागले यावर थांबू नका, लिंक स्पीड आणि पिंग पुन्हा बघा.

वऱ्हाडातले खास शत्रू

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की "उन्हानं नेट मंद झालं" असं ऐकू येतं. वायरपुरतं बोलायचं तर तापमान २० वरून ४५ अंशांवर गेलं की सिग्नलची घट साधारण ११ टक्क्यांनी वाढते. १०० मीटरच्या वायरला ते महागात पडेल, घरातल्या २० मीटरला काही फरक पडत नाही. पण टिनाच्या छपराखाली, बंद कपाटात ठेवलेला राउटर तापून नक्की अडखळतो. त्याला खाली, हवेशीर जागी आणा. उन्हाचा दुसरा मार संथ असतो: घराच्या आतल्या कामाची राखाडी वायर गच्चीवरून नेली की आवरण कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. गच्चीसाठी काळ्या आवरणाची, बाहेरच्या कामाची वायर मागा.

कूलरचाही वाटा असतो. रोज संध्याकाळी खिडकीपाशी सरकवला जाणारा कूलर, त्याच्या चाकाखाली येणारी वायर, वरून टपकणारं पाणी. उंदीर तर आहेतच, आणि मेळघाटाच्या पायथ्याला वानरांची टोळी गच्चीवर आली की लोंबणारी प्रत्येक वायर हा त्यांचा झोका. वायर ताणून लोंबत ठेवण्यापेक्षा भिंतीलगत, जमल्यास पाइपातून न्या. तो पाइप विजेच्या वायरचा नको. २३० व्होल्टची आणि लॅनची वायर एकाच पाइपात घालणं स्पीडपेक्षा जिवाच्या दृष्टीनं वाईट.

सगळ्यात मोठा शत्रू वीज, आकाशातली. भावाच्या शेजारच्या घराला गच्चीवरून लॅन वायर दिलेली असेल, तर वळवाच्या पावसात दोन्ही घरांतले राउटर एकदम जाऊ शकतात. वीज थेट वायरवर पडावी लागत नाही, जवळ कोसळली तरी तांब्यात दाब निर्माण होतो. दोन इमारतींमध्ये फायबर टाकावी, काच वीज वाहून नेत नाही. ते होत नाही तोवर ढग गडगडायला लागले की ती वायर दोन्हीकडून काढून ठेवा.

फायबरला हात लावू नका, पण भाषा शिका

फायबर घरी दुरुस्त होत नाही. तिच्या टोकात डोकावूनही पाहू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. तुम्ही पाहायचं ते एवढंच: ती खिळ्याला गुंडाळलेली किंवा दाराच्या फटीत चेपलेली तर नाही ना. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. मोडेमवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर लाइन तुटलीय, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही.

लाइनमन आला की त्याला पॉवर किती येतेय ते विचारा. उत्तर उणे आकड्यात मिळेल. उणे १५ ते उणे २४ म्हणजे मजेत. उणे २७ च्या पलीकडे अनेक मोडेम धापा टाकतात. दर ३ आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे मागच्या महिन्यात उणे २१ आणि आज उणे २७ असेल तर पाव हिस्साच उरलाय, आणि दोष बाहेरच्या जोडात किंवा वळणात आहे. हिरव्या टोकाची फायबर निळ्या खाचेत बसवलेली दिसली तरी सांगा, त्या दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. "मोडेमला थेट वायर लावून मोजलं, लिंक १,००० ची आहे, स्पीड ६० येतेय, पॉवर उणे २८ आहे" असं म्हणा. मग प्लॅन वाढवायचा सल्ला कुणी सहसा देत नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि तिथे काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

भिंतीतली जुनी वायर निघतच नसेल आणि तिच्या दोनच जोड्या शाबूत असतील, तर ती फेकायची गरज नाही. टीव्हीच्या डब्याला १०० एमबीपीएस पुरून उरतात, तिला तिथे लावा आणि कामाच्या टेबलासाठी नवी तांब्याची वायर ओढा. नवी ओढताना जुनीच्याच टोकाला बांधून खेचली तर पाइपातून सहज येते, पण मग जुनी बाहेर निघते, तेव्हा टीव्हीसाठीही एक नवी सोबतच बांधा.